२.४.१ मध्ये काय घ्यायचं आणि २.३ ला कधीपर्यंत सांभाळायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकचे तिघे जण नोकरी सांभाळून सी प्लस प्लसमधलं एक छोटं ओपन सोर्स जीयूआय टूलकिट, म्हणजे खिडक्या, बटणं, याद्या असे स्क्रीनवरचे तयार घटक देणारी लायब्ररी, चालवता. अंबड-सातपूरच्या काही कारखान्यांत मशीनच्या पॅनलवर आणि निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षाच्या काही पॅकहाउसमध्ये वजनाच्या स्क्रीनवर ते चालतं. बाहेर आणखी कोण वापरतं याचा तुम्हालाही नीट पत्ता नाही. २.४.० काढल्यावर तक्रारी आल्या आणि आता चार गोष्टी रांगेत आहेत. कॉम्बोबॉक्सची यादी उघडी असताना विंडो बंद केली तर प्रोग्राम कोसळतो. १२५ टक्के स्केलिंगवर बटणाची उंची चुकते. कर्सर जोडाक्षराच्या मधेच थांबतो. आणि टेबलच्या विजेटला (स्क्रीनवरच्या घटकाला) एक नवं फंक्शन हवंय. तुम्ही विचारताय की हे सगळं २.४.१ मध्ये घालून मोकळं व्हावं का, पॅच किती दिवसांनी काढावा, आणि २.३ वाले अजून फोन करतात त्यांचं काय करायचं.

गेली बरीच वर्षं मी हेच काम करतो. आधी एका टूलकिटची स्थिर ब्रँच, म्हणजे फक्त दुरुस्त्या घेणारी कोडची शाखा, सांभाळत होतो, आता इथेच नाशिकमध्ये पॅनलचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांना अपग्रेडमध्ये मदत करतो. त्यामुळे पॅच काढणारा आणि पॅच पोटात घेणारा, दोन्ही बाजूंना बसलोय. माझ्या मते तुमची खरी अडचण तारखेची नाही. ज्याला तो बग कधी दिसलाच नाही, तो माणूसही २.४.१ डोळे झाकून बसवणार आहे. शेवटचा आकडाच तर बदललाय, असं म्हणून तो चेंजलॉग उघडणारही नाही. त्याचं काही बिघडणार नाही याची हमी म्हणजे पॅच रिलीज. म्हणून प्रत्येक दुरुस्तीला मी एकच प्रश्न विचारतो: ज्याला हा त्रास नव्हता, त्याच्याकडे हिच्यामुळे काय बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर आत. ‘थोडंसं’ असेल तर बाहेर, किंवा निदान वेगळा विचार.

यात परिस्थितीनुसार फरक पडतो, तो आधी कबूल करतो. विंडोजवर बहुतेक जण टूलकिट प्रोग्रामसोबतच देतात किंवा स्टॅटिक लिंक करतात, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलमध्येच मिसळून टाकतात. तिथे तुमचा पॅच वापरणाऱ्यापर्यंत पोचतो तो मधला डेव्हलपर पुन्हा बिल्ड करून तपासतो तेव्हाच, म्हणजे एक चाळणी आपोआप लागते. लिनक्सवर डिस्ट्रोने (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या वितरणाने) लायब्ररीचं पॅकेज बदललं की वर चालणाऱ्या प्रोग्रामला कुणी विचारतही नाही. काल २.४.० वर कंपाइल झालेला प्रोग्राम आज २.४.१ वर चालायला लागतो. तुमचं टूलकिट डेबियन किंवा उबुंटूत गेलं असेल, तर पुढचं सगळं दुप्पट कडक धरा.

कोसळण्याचा बग सोपा आहे, घ्या. नष्ट झालेल्या विंडोकडे बोट दाखवणारा पॉइंटर तपासायचा, एवढाच बदल असणार. कोसळण्यावर कुणी आपला प्रोग्राम बेतलेला नसतो. फक्त ती दुरुस्ती करताना कुणी अख्खी पॉपअपची फाइल ‘नीटनेटकी’ केली असेल, तर स्थिर ब्रँचसाठी तेवढ्याच चार ओळी वेगळ्या काढा. साफसफाई मुख्य ब्रँचमध्ये राहू दे.

नवं फंक्शन नको. साधं, नॉन-व्हर्च्युअल फंक्शन वाढवलं तर जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालतो, हे खरं. पण उलटं चालत नाही. २.४.१ वर बिल्ड करून ते फंक्शन वापरलेला प्रोग्राम २.४.० असलेल्या पॅनलवर नेला की सुरूच होत नाही किंवा मधेच बंद पडतो, सिम्बॉल (म्हणजे त्या फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणतो. कारखान्यात हे हमखास होतं, कारण दहा पॅनलपैकी दोन कुणीतरी अपडेट केलेली असतात आणि आठ तशीच. क्यूटी या मोठ्या जीयूआय टूलकिटचा नियम म्हणूनच असा आहे की पॅच रिलीज दोन्ही दिशांनी सुसंगत हवी, पुढेही आणि मागेही. मायनर रिलीजला (मधला आकडा वाढतो ती, जसं २.५) फक्त मागची सुसंगती, म्हणजे जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालणं, पुरते. हा नियम जसाच्या तसा उचला.

सी प्लस प्लसमध्ये यापेक्षा चोरट्या गोष्टी आहेत. क्लासमध्ये मधेच एक व्हर्च्युअल फंक्शन घातलं की व्ही-टेबलमधल्या (अशा फंक्शनच्या पत्त्यांच्या यादीतल्या) जागा सरकतात आणि जुना प्रोग्राम भलतंच फंक्शन बोलावतो. एक बूल मेंबर वाढवला तरी ऑब्जेक्टचा आकार बदलू शकतो. मग ज्याने तुमच्या विजेटपासून स्वतःचा क्लास काढलाय, त्याचे मेंबर चुकीच्या पत्त्यावर जातात. हेडरमधलं इनलाइन फंक्शन दुरुस्त केलं तर ती दुरुस्ती लायब्ररीत नसतेच, जुनं, चुकीचं रूपच जुन्या प्रोग्रामच्या पोटात आधी कंपाइल होऊन बसलेलं असतं. डिफॉल्ट आर्ग्युमेंटचंही तेच. खासगी डेटा एका पॉइंटरमागे लपवण्याची पद्धत, जिला क्यूटी आणि केडीईवाले (क्यूटीवर लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारा प्रकल्प) डी-पॉइंटर म्हणतात, ती याचसाठी आहे. तुमच्याकडे ती नसेल तर पॅचमध्ये क्लासच्या डेटा मेंबरना हातच लावू नका. आणि हे डोळ्यांनी तपासत बसू नका. लिबअबिगेलमधलं एबीआयडिफ नावाचं साधन २.४.० ची लायब्ररी आणि तुमचं नवं बिल्ड शेजारी ठेवून फरक सांगतं. सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) ते बसवा आणि पॅच ब्रँचवर फरक दिसला की बिल्ड लाल, म्हणजे नापास, करा. मेंटेनरच्या शिस्तीपेक्षा लाल बिल्डवर माझा जास्त विश्वास आहे.

आता बटणाची उंची. लोक इथे फसतात, कारण दुरुस्ती अगदी निरुपद्रवी दिसते. तुम्ही पाठवलेला बदल मी वाचला. १२५ टक्क्यांवर ओळीची उंची अपूर्णांकात येते, समजा साडेसतरा. आधी ती वरच्या पूर्णांकाला जायची, १८. इंग्रजी मजकुराखाली एक पिक्सेल रिकामा दिसतो अशी तक्रार आली म्हणून आता ती १७ केलीय. इंग्रजीत छान दिसतं. पण ‘नोंदवा’ लिहिलेलं बटण घ्या. ओकार आणि त्यावर अनुस्वार, म्हणजे शिरोरेषेच्या वर दोन मजले. तो एक पिक्सेल नेमका अनुस्वाराचा होता. माझ्या मशीनवर बिल्ड करून पाहिलं तर टिंब अर्धं कापलं गेलं. ‘ट्रॅक्टर’मधल्या चंद्राचीही तीच गत, आणि खाली ‘ट्र’चा पाय काठाला टेकतो.

मग उलट करून १८ च्या जागी १९ केलं तर? तेही पॅचमध्ये नको. पॅकहाउसच्या त्या स्क्रीन बहुतेक जुन्या, १०२४ बाय ७६८ च्या. वीस ओळींचा फॉर्म वरपासून खालपर्यंत ठासून भरलेला असतो. प्रत्येक ओळ एका पिक्सेलने वाढली तर वीस पिक्सेल खाली सरकतात आणि ‘लेबल छापा’ बटणाची खालची कड स्क्रीनबाहेर जाते. ज्याने फॉर्म केला त्याचा काही दोष नाही, त्याने तुमच्या २.४.० वर मोजूनमापून केला होता. लेआउटचे आकडे बदलणारी दुरुस्ती, मग ती कितीही बरोबर असो, मायनर रिलीजमध्येच जावी. क्यूटीने अपूर्णांक स्केलिंग गोल न करता तसंच पुढे न्यायचं ठरवलं तेव्हा तो डिफॉल्ट क्यूटी ६ मध्ये, म्हणजे मेजर आवृत्तीत बदलला. क्यूटी ५.१४ पासून पर्याय मात्र उपलब्ध होता, ज्याला हवा त्याने चालू करावा. तुम्हीही तसंच करा: २.५ मध्ये पर्याय द्या, डिफॉल्ट जुनाच ठेवा.

कर्सरचा मुद्दा आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा, म्हणून थोडा थांबून लिहितो. तुमच्या टूलकिटमध्ये युनिकोड या अक्षरांच्या मानकाचे तक्ते सोबतच ठेवलेले आहेत आणि ते जुने आहेत. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये ग्राफीम क्लस्टरच्या (वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणाऱ्या गटाच्या) नियमांत भर पडली: देवनागरीसारख्या काही लिप्यांत हलंतानं जोडलेली व्यंजनं आता एकाच गटात धरायची, मधे तोडायची नाहीत. जुन्या नियमानं ‘क्षीरसागर’चे गट पडतात क्, षी, र, सा, ग, र. नव्या नियमानं क्षी, र, सा, ग, र. म्हणजे बाणाची कळ सहा वेळा दाबायची तिथे पाच वेळा. नवं वागणं बरोबरच आहे. ‘क्’ आणि ‘षी’च्या मधे कर्सर उभा राहतो तेव्हा तो स्क्रीनवर कुठे काढायचा हेही धड कळत नाही.

तरीही ही बगची दुरुस्ती म्हणून पॅचमध्ये सरकवू नका. कारणं दोन. पहिलं, डिलीट कळ गटानुसार चालत असेल तर ‘क्ष’मधला फक्त ‘क्’ काढायची सवय असलेल्याचं अख्खं अक्षर जाईल. दिवसभर शेतकऱ्यांची नावं टाइप करणाऱ्या ऑपरेटरची बोटं आपोआप चालतात, स्क्रीनकडे लक्ष नंतर जातं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काही प्रोग्राम मजकुराची कमाल लांबी याच गटांवर मोजतात. लेबलवर नावाला २० गटांची जागा ठेवली असेल, तर तक्ते बदलल्यावर तेवढ्याच मर्यादेत जास्त जोडाक्षरं मावतात आणि नाव लेबलच्या बाहेर जातं. तक्ते २.५ मध्ये बदला, चेंजलॉगमध्ये सगळ्यात वर लिहा, आणि उदाहरण मराठीतलंच द्या. २.४.१ मध्ये हवंच असेल तर कर्सर रंगवण्यापुरती दुरुस्ती करा, म्हणजे तो अक्षरावर आडवा न येता काठाला दिसेल. हलण्याचा नियम जुनाच राहू दे.

म्हणजे चारपैकी एक पूर्ण आत, एक अर्धी, दोन बाहेर. तुम्हाला हे फारच थोडं वाटेल. पण पॅच रिलीज हलकीच असावी, आणि हलकी असली की ती लवकर काढता येते.

तुमच्या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र आहे. तुमच्या सोर्समध्ये थर्ड पार्टी म्हणून फोल्डर दिसतं. त्यात प्रतिमा वाचणाऱ्या लायब्ररींच्या प्रती आहेत आणि त्यांची आवृत्ती कुठेच लिहिलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी प्रतिमा वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली, दुरुस्ती १.३.२ मध्ये आली. तेव्हा ब्राउझर तर धावलेच, पण ज्यांनी ज्यांनी ती लायब्ररी पोटात ठेवली होती त्या सगळ्यांना पॅच काढावा लागला, क्यूटीलाही. अशा वेळी वरचे सगळे नियम मागे पडतात: फक्त ती एक दुरुस्ती घ्या, बाकी रांग तशीच ठेवा, आणि सांभाळत असलेल्या प्रत्येक ब्रँचवर त्याच दिवशी काढा. ते फोल्डर आजच तपासा. कॉम्बोबॉक्सच्या आधी.

कधीकधी तुमच्या कोडमध्ये काहीच बदललेलं नसतं, खालची जमीन हलते. २०२० च्या नोव्हेंबरात मॅकची बिग सर आवृत्ती आली तेव्हा जुन्या क्यूटी ५ वर केलेले कितीतरी प्रोग्राम सुरू होऊन अडकून बसायचे. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बसवून लोकांनी वेळ मारून नेली. अशा दुरुस्त्या पॅचमध्ये घ्याव्याच लागतात, पण त्या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती तपासूनच लागू करा, म्हणजे जुन्या मशीनवर काहीही हलणार नाही.

ब्रँचचं गणित तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांचा) इतिहास पाहता सांगायला हवं. काही दुरुस्त्या २.४ वर थेट केल्यात आणि मुख्य ब्रँचला नेल्याच नाहीत. २.५ काढाल तेव्हा तेच बग पुन्हा उगवतील. क्यूटीमध्ये पूर्वी दुरुस्ती जुन्या स्थिर ब्रँचवर करून वर मर्ज करत. २०२० पासून त्यांनी उलटं केलं: आधी मुख्य ब्रँच, मग तिथून चेरी-पिक (तेवढाच बदल उचलून जुन्या ब्रँचवर नेणं), आणि कुठल्या ब्रँचवर न्यायचं हे कमिटच्या संदेशातच एका ओळीत लिहायचं. तीन माणसांना दुसरी पद्धत सोयीची. चेरी-पिक करताना मूळ कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) संदेशात राहील असा पर्याय गिटमध्ये आहे, तो कायम वापरा. सहा महिन्यांनी ‘ही दुरुस्ती वर गेली होती का’ हे शोधायला दुसरा मार्ग नसतो.

रिलीजच्या दिवसाबद्दल दोनच आग्रह. टारबॉल (रिलीज म्हणून देतो ती सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) हा गिटच्या टॅगवरून, सीआयवरच तयार व्हावा, कुणाच्या लॅपटॉपवर नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात मागचं दार उघडणारी एक फाइल टारबॉलमध्ये होती आणि गिटमध्ये नव्हती. लोक गिट वाचत राहिले आणि डिस्ट्रो टारबॉल बिल्ड करत राहिले. दुसरा आग्रह असा, की एकदा २.४.१ बाहेर गेलं की त्याच आकड्याची फाइल बदलायची नाही. पाच मिनिटांत चूक लक्षात आली तरी २.४.२ काढा. एकाच नावाच्या दोन फाइल फिरायला लागल्या की बगच्या तक्रारीतल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

किती दिवसांनी काढायचं याचं सरसकट उत्तर नाही. .० नंतरचा पहिला पॅच दोन-तीन आठवड्यांत यावा, कारण खरे बग तेव्हाच कळतात, लोक .० आल्यावरच तर बसवून बघतात. नंतर दोन-तीन महिन्यांनी एक पुरे, आणि रांगेत काही नसेल तर काढूच नका. तुमच्या बाबतीत मात्र एक स्थानिक अट आहे. द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. त्या काळात पॅकहाउसवाला स्क्रीनला हात लावू देत नाही आणि त्याचंच बरोबर आहे, मागे कंटेनर उभा असतो. त्यांच्यासाठी उपयोगी पॅच डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत निघायला हवा, म्हणजे महिनाभर चालवून बघता येईल. हंगामात फक्त सुरक्षेचं आणि कोसळण्याचं, तेही मागितलं तर. कारखान्यांचं वेगळं: तिथे मेंटेनन्सची सुट्टी कधी असते ते फोन करून विचारा.

राहिला २.३. इथे तुमची भिडस्त वृत्ती दिसते. कुणाला नाही म्हणायचं नाही, म्हणून २.२ चेही प्रश्न सोडवताय. तिघांत दोन ब्रँच झेपतात, म्हणजे चालू आणि तिच्या आधीची. दोनापेक्षा जास्त ब्रँच सांभाळतो म्हणणारे खरं तर त्या तपासत नाहीत. आधीच्या ब्रँचला बंद होण्याची तारीख द्या आणि ती वेबसाइटच्या पहिल्या पानावर लिहा. नवी मायनर आल्यावर सहा महिने, पण तो शेवट हंगामात येत असेल तर मेअखेरपर्यंत, असं मी ठरवीन. त्या काळात २.३ वर फक्त सुरक्षा आणि डेटा जाईल असे बग.

मोठ्यांनीही हे आपापल्या परीनं सोडवलंय. क्यूटी कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांचे पॅच आता व्यावसायिक ग्राहकांनाच. ५.१५.२ हा नोव्हेंबर २०२० मधला पॅच सगळ्यांना मिळाला, पुढचे वर्षभर उशिरानं खुले होऊ लागले. मग केडीईने २०२१ मध्ये क्यूटी ५ साठी निवडक दुरुस्त्यांचा स्वतःचा संच ठेवायला घेतला. लोक चिडले, पण कुणाला काय मिळणार हे निदान स्पष्ट झालं. जीटीके या दुसऱ्या टूलकिटने वेगळी वाट धरली: ३.२४ ही २०१८ पासून तिसऱ्या मालिकेतली शेवटची ब्रँच, पॅचचा आकडा चाळिशीपलीकडे गेला तरी तीच चालू. डब्ल्यूएक्सविजेट्स या आणखी एका टूलकिटची स्थिर ३.० २०१३ मध्ये आली आणि ३.२ थेट २०२२ मध्ये. मधल्या काळात नवं काही हवं असलेल्यांनी विकासाची ३.१ च रोजच्या कामाला जुंपली. तुम्ही मायनर फार लांबवलीत तर बटणाची उंची आणि नवं फंक्शन पॅचमध्ये घुसवण्याचा दबाव वाढतच जाणार, म्हणून २.५ ला वर्ष लावू नका.

जो कारखाना म्हणतो, आम्हाला २.३ च हवं, पाच वर्षं हवं, त्याला नाही म्हणू नका, कोटेशन द्या. लायसन्स खुलं आहे, सपोर्ट फुकट असायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. त्यांचे पैसे आले तर एक जुनं पॅनल, तोच टचस्क्रीन आणि तीच जुनी विंडोज, तुमच्या टेस्टसाठी विकत घ्या. केलेल्या दुरुस्त्या २.३ च्या ब्रँचवर उघड्याच ठेवा.

फोनवर येणाऱ्या तक्रारी मात्र थांबवा. व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा तिरका फोटो आणि ‘चालत नाही’ एवढ्यावर पॅच निघत नाही. टूलकिटमध्ये ‘माहिती’ची एक खिडकी द्या, जिच्यात पूर्ण आवृत्ती, स्केलिंगचा टक्का, वापरात असलेला फॉन्ट आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र दिसेल आणि एका बटणानं कॉपी होईल. फोटोच येणार असेल तर त्या खिडकीचा येऊ दे. ही खिडकी नवं एपीआय न वाढवता, एखाद्या कीबोर्ड शॉर्टकटमागे ठेवली तर ती २.५ पासून चालेल. २.४ वर तोवर हीच माहिती लॉगमध्ये लिहून घ्या. लॉगमध्ये चार ओळी वाढल्यानं ज्याला त्रास नव्हता त्याचं काही बिघडत नाही, म्हणून ते २.४.१ मध्ये घ्यायला माझी हरकत नाही.